एन्सो काढायचं: स्टायलसने की कोडने?

'झेन' हा शब्द मुळात आपल्याकडचाच. संस्कृतातलं 'ध्यान' पालीत 'झान' झालं, चीनमध्ये 'चान' आणि जपानमध्ये 'झेन'. त्यामुळे पांढऱ्यावर काळं, भरपूर मोकळी जागा आणि कोपऱ्यात एक दगड एवढ्यावर झेन वळणाचं डिजिटल चित्र होत नाही. त्यात कुठेतरी ध्यान घडायला हवं. आता ते कुणाचं घडायला हवंय, चित्र करणाऱ्याचं की बघणाऱ्याचं? साधन निवडताना मी हल्ली आधी हेच विचारते, कारण स्टायलस (टॅबलेटच्या काचेवर चालणारा पेन) आणि कोड (चित्र काढायला लिहिलेला प्रोग्रॅम) यांची उत्तरं इथे चक्क उलटी येतात.

दोन्हीकडे मी एकच गोष्ट करून पाहिली. एन्सो, म्हणजे एका दमात, एका किंवा फार तर दोन फटकाऱ्यांत काढलेलं वर्तुळ. हाकुइन (१६८६–१७६९), सेंगाई (१७५०–१८३७) अशा झेन भिक्षूंच्या शाईचित्रांमुळे ते अनेकांच्या ओळखीचं असतं. दिसायला इतकं सोपं की साधनाचे सगळे दोष त्यात उघडे पडतात.

स्टायलसचा पहिला दोष काच. कागद ब्रशला थोडा अडवतो, काचेवरून टोक नुसतं घसरतं. मॅट फिल्म लावली की बरं वाटतं, पण स्टायलसचं टोक लवकर झिजतं. दुसरा दोष जास्त छुपा आहे: ॲप तुम्हाला नको तेवढी मदत करतं. प्रोक्रिएटमध्ये ब्रशला स्ट्रीमलाइन असतं, क्रिटात स्टॅबिलायझर. हाताची थरथर ती गुपचूप पुसून टाकतात. पण एन्सोत बघण्यासारखं असतं काय, तर तीच थरथर! माझी पहिली वीसेक वर्तुळं इतकी गुळगुळीत आली की ती माझी आहेत हे सांगूनही पटलं नसतं. त्यात क्विकशेपची भर. वर्तुळ संपवून हात क्षणभर टेकलेला राहिला की ॲपला वाटतं, हिला नेटका लंबगोल हवाय. आणि बघता बघता तसा तो होऊन जातो. म्हणून स्ट्रीमलाइन शून्यावर, क्विकशेप बंद, लेयर एकच. डिजिटल ब्रशची शाईही आपणहून संपत नाही; फटकारा लांबेल तशी ती विरळ होण्याचं सेटिंग हाताने वाढवावं लागतं. त्याशिवाय शेवटाकडे ते कोरडे, फाटके केस उमटत नाहीत.

एवढं करूनही खरा झगडा अन्डूशीच. एकदा वर्तुळ पूर्ण होत आलं आणि शेवट सुरुवातीपासून बोटभर आत गेला. चुकलं, हा विचार मनात यायच्या आधीच डाव्या हाताची दोन बोटं काचेवर टेकली होती. टॅप, आणि वर्तुळ गायब. माझं मन किती अधीर आहे हे एवढं लख्ख मला कुणी दाखवलं नव्हतं. स्टायलसची बाजू मी घेते ती यासाठी: ते आठ-दहा सेकंद तुम्ही हजर होता की नव्हता, हे लगेच कळतं.

कोडमध्ये हे होत नाही. प्रोसेसिंग हे कलाकारांसाठीचं साधन केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलं. त्याचंच ब्राउझरमधलं भावंड पी-फाइव्ह-जेएस. विकत काही घ्यावं लागत नाही. वर्तुळावर ३६० बिंदू घ्या, प्रत्येकाची त्रिज्या पर्लिन नॉइजने, म्हणजे हळूहळू बदलणारे आकडे देणाऱ्या गणिताने, किंचित हलवा, झालं एन्सो. साध्या रँडमने रेष काटेरी होते. नॉइजमध्ये शेजारचे आकडे एकमेकांना धरून चालतात, म्हणून ती हातासारखी वळते. कोन थेट नॉइजला दिला तर मात्र सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या जुळत नाही, तिथे खाच पडते. ती बुजवायची रीत म्हणजे नॉइजच्या पटावरही कोसाइन-साइन वापरून गोल फिरायचं. ते जमवण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. मग लक्षात आलं की कितीतरी एन्सो मुद्दाम उघडीच सोडलेली असतात. मी बग काढून चित्र बिघडवलं होतं.

त्या संध्याकाळी ध्यान अजिबात घडलं नाही. न मिटलेला कंस शोधताना कुणाचं घडेल? पण नंतर तेच वर्तुळ मी श्वासाच्या लयीत फुलवलं-मिटवलं, दहा सेकंदांना एक फेरी. साइन लहरीत आत आणि बाहेर यांना सारखाच वेळ मिळतो, ते यंत्रासारखं वाटलं. सोडतानाचा भाग लांबवल्यावर बघणाऱ्याचा श्वास नकळत त्यात मिसळू लागला. (वेळ फ्रेम मोजून धरू नका, मिलिसेकंदांत धरा, संथ मशीनवर फ्रेम गळतात आणि श्वास अडखळतो.) प्रत्येक फ्रेमवर अर्धपारदर्शक पांढरा थर देऊन जुनी रेष विरवायला गेलं तर राखाडी डाग कायमचे मागे राहतात, कारण रंगाचे आकडे पूर्णांकात बसवताना शेवटचा फरक कधीच मिटत नाही. तो डाग मी ठेवला. शाईलाही कागद पूर्ण विसरत नाही.

कोडमध्ये झेन हातातून येत नाही, नियमातून येतं. क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरातल्या खडीच्या बागेत १५ दगड आहेत, आणि व्हरांड्यात बसून कुठूनही बघा, एखादा तरी लपलेलाच राहतो. अशी अट दोन ओळींत लिहून तिच्या शंभर बागा बघत बसणं, ही मजा स्टायलसला नाही.

राहिलं सिमेट्री टूल, एक रेष ओढली की बारा उमटवणारं. मन रमतं, नाही म्हणत नाही. पण झेन कलेत असममितीला मान आहे, आणि हे टूल नेमकी तीच खोडून टाकतं. झेन हवं असेल तर ते सोडा.

तेव्हा स्वतः शांत बसायचं असेल तर स्टायलस. दुसऱ्याला चित्रासमोर शांत बसवायचं असेल तर कोड. पण दोन माणसांना मी वेगळं सांगेन. दिवसभर कोड लिहिणं हाच धंदा असेल तर संध्याकाळी पुन्हा एडिटर उघडू नका, चुका शोधायची सवय तिथेही मागे येईल. आणि चित्रकलेत हात आधीच तयार असेल तर उलट कोडकडे जा. तयार हाताला मिरवायची खोड असते; आकड्यांपुढे त्याचं काही चालत नाही.

स्टायलस घेतलात तर डावा हात मांडीवर ठेवा. पहिल्या आठवड्यात मांडीखाली.