ब्रुबेक क्वार्टेट, कार्नेगी हॉल १९६३ : तालाचा कान असेल तर हे लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकाच

जाझ म्हणलं की आपल्याकडं बरेच जण लगेच म्हणतात, आपल्याला त्यातलं काही कळत नाही बुवा. पण ज्यानं पखवाज, तबला, ढोलकी काहीही मन लावून ऐकलंय, समेवर ज्याची मान आपोआप हलते, त्यानं अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या क्वार्टेटचा, म्हणजे चौघांच्या जाझ संचाचा, 'ॲट कार्नेगी हॉल' हा अल्बम एकदा तरी ऐकायलाच पाहिजे. फेब्रुवारी १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेला कार्यक्रम आहे, तेव्हा दोन एलपींचा (मोठ्या तबकड्यांचा) सेट निघाला होता, आता मोबाइलवर अख्खा मिळतो, दीड तासाच्या वर.

माणसं चारच. पियानोवर ब्रुबेक, अल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेस्मंड, बासवर (खालचे जाड सूर देणारं मोठं तंतुवाद्य) यूजीन राइट आणि ड्रमवर जो मोरेलो. त्या वेळी न्यूयॉर्कमधल्या पेपरांचा संप चालू होता, जाहिरात नाही बातमी नाही, त्यामुळं हॉल रिकामाच राहतो की काय अशी धास्ती होती, त्यात मोरेलो फ्लूमधून नुकता उठलेला. आणि हॉल भरला. ती गर्दी रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐकू येते, टाळ्या कुठं पडतात ते बघा, लोक किती लक्ष देऊन बसलेत ते कळतं.

आमच्या भजनी मंडळातल्या पखवाजवाल्या काकांना मी 'टेक फाइव्ह' ऐकवलं. जाझ हा शब्द त्यांना काही सांगितलाच नाही, नुसतं म्हणलं काका हे ऐका जरा. थोडा वेळ मांडीवर बोटं आपटत बसले, मग म्हणाले, "अरे हा तर पाच मोजायलाय! तीन आन् दोन. झपताल अर्धा करून उलटा धरलाय की रे त्यांनी." एकदम बरोबर, झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन, आणि ही पाच मात्रांचीच रचना आहे, डेस्मंडनं केलेली. स्टुडिओतलं मूळ रेकॉर्डिंग १९५९ च्या 'टाइम आउट' अल्बममधलं, ते बऱ्याच जणांनी कुठं ना कुठं ऐकलेलं असतं, पण इथं लय चांगलीच चढी आहे आणि तरी डेस्मंडला कसलीच घाई नाही. खाली पियानो तोच ठेका धरून बसलाय आणि वर हा माणूस मात्रांच्या मधून असा निवांत फिरतोय की पाच मोजायचं आपणच विसरून जातो.

तालाची खरी मजा मात्र मला 'थ्री टू गेट रेडी'मध्ये येते. आधी साधी तीन-तीनची चाल, ऐकायला सोपी, आणि मग दोन आवर्तनं तीनची, दोन चारची, परत दोन तीनची, असं चालू होतं. म्हणजे बेरीज चौदा. आपला दीपचंदी ताल पण चौदाचाच पण तिथं तीन-चार-तीन-चार, इथं तीन-तीन-चार-चार, त्यामुळं आपला कान एका जागी सम धरायला जातो आणि हे लोक भलतीकडंच उतरतात. पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं, दुसऱ्यांदा ऐकताना हात बरोबर पडायला लागतो आणि मग लै भारी वाटतं. 'ब्लू रॉन्डो'मध्ये नऊ मात्रा आहेत, दोन-दोन-दोन-तीन असं तीनदा आणि चौथ्यांदा तीन-तीन-तीन. हा ठेका ब्रुबेकनं १९५८ च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून ऐकला होता. त्याच दौऱ्यात ही मंडळी भारतात पण येऊन गेली, मुंबईत ब्रुबेक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खानांच्या सतारीबरोबर वाजवले.

मोरेलोबद्दल किती लिहावं. 'कॅस्टिलियन ड्रम्स' म्हणजे त्याचा सोलोच समजा. नुसता धडाका नाही, मध्येच आवाज इतका बारीक करतो की व्हॉल्यूम वाढवायचा मोह होतो, वाढवू नका, कारण पुढं तो परत चढतो. वेरूळ महोत्सवात तबल्याचं सोलो वादन रंगात आलं की लोक जसे श्वास धरून बसतात तसं त्या हॉलमध्ये झालं असणार. लहानपणापासून नजर अधू असलेला माणूस, नुकता आजारातून उठलेला, आणि हे वाजवतोय.

राइटचं नाव लोक शेवटी घेतात, ते मला पटत नाही. बाकीचे तिघं वाट्टेल तिकडं जाऊ शकतात कारण हा जागचा हलत नाही. 'किंग फॉर अ डे'मध्ये तो पुढं येतो, ते नक्की ऐका. राइट काळा होता, आणि १९६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॉलेजांनी त्याच्या जागी गोरा वादक आणा म्हणल्यावर ब्रुबेकनं नकार दिला, २५ पैकी २३ कार्यक्रम त्यामुळं गेले. तीन वर्षांनी तेच चौघं कार्नेगी हॉलच्या स्टेजवर. हे माहीत असलं की बासचा एकेक सूर वेगळाच ऐकू येतो, निदान मला तरी.

न आवडलेलं पण सांगतो. ब्रुबेक सोलोत कधी कधी दोन्ही हातांनी जड जड कॉर्ड (एकदम दाबलेले अनेक सूर) मारत सुटतो, डेस्मंडच्या त्या हलक्या सुरांनंतर ते जरा अंगावर येतं. 'बोसा नोव्हा यू.एस.ए.' पण ठीकठाकच, नसतं तरी चाललं असतं.

डायरेक्ट 'टेक फाइव्ह'वर उडी मारू नका, ते सगळ्यात शेवटी आहे आणि तिथं पोचेपर्यंत कान तयार होतो, 'सेंट लुइस ब्लूज'पासून क्रमानंच जा, एका बैठकीत नाही जमलं तर दोन संध्याकाळी ऐका. आणि मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको, साधे का होईना इयरफोन लावा, नाहीतर राइटचा बास सगळा गायब होतो आणि खाली ताल कुणी धरलाय तेच कळत नाही.