आठ महिने जीडीबीसर्व्हर वापरल्यावर: प्रोग्राम बोर्डवर, डीबगर लॅपटॉपवर

माझा सी प्रोग्राम ३२-बिट एआरएम बोर्डवर चालतो आणि मी एक्स८६ लॅपटॉपसमोर बसतो. दोन्हीकडे लिनक्स आहे. आधी चूक शोधायची म्हणजे किमती छापायला कोडमध्ये प्रिंटएफ घाला, बिल्ड करा, फाइल बोर्डवर टाका, परत चालवा. आठ महिन्यांपूर्वी जीडीबीसर्व्हर लावला आणि हे जवळजवळ थांबलं. जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन; जीडीबीसर्व्हर हा त्याचा बोर्डवरचा जोडीदार, दोघं नेटवर्कवरून बोलतात.

बोर्डवर फक्त जीडीबीसर्व्हर हा छोटा प्रोग्राम लागतो. रजिस्टर आणि मेमरी वाचणं-लिहिणं, प्रोग्राम थांबवणं-चालवणं एवढंच त्याचं काम. सोर्स, सिंबल (फंक्शन-व्हेरिएबलची नावं आणि पत्ते), ओळींचे क्रमांक हे सगळं लॅपटॉपवरचा जीडीबी सांभाळतो. त्यामुळे बोर्डवर स्ट्रिप केलेली, म्हणजे सिंबल काढून टाकलेली फाइल चालते, फक्त लॅपटॉपवरची सिंबलवाली फाइल त्याच बिल्डची हवी. लॅपटॉपच्या जीडीबीला एआरएम कळायला हवं. डेबियन-उबुंटूवर त्यासाठी जीडीबी-मल्टिआर्क पॅकेज आहे.

पहिले दोन आठवडे मात्र फार त्रासाचे गेले. बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी) फंक्शनच्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसायची. मी जोडणीला दोष देत राहिलो, पण घोळ सिसरूटचा, म्हणजे लॅपटॉपवर ठेवलेल्या बोर्डच्या लायब्ररींच्या प्रतीचा होता: त्या लायब्ररी वेगळ्या बिल्डच्या होत्या. जीडीबी ७.१० पासून वेगळं काही सांगितलं नाही तर लायब्ररी बोर्डवरूनच ओढल्या जातात. ते बिनचूक असतं, पण हळू जोडणीवर बराच वेळ खातं. मी आता स्थानिक प्रत ठेवतो आणि बोर्डवरची सिस्टिम इमेज बदलली की दोन्हीकडचे बिल्ड-आयडी (प्रत्येक बिल्डची ओळखखूण) ताडून बघतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सगळ्यात आधी हे करावं, बाकी सगळं नंतर.

याचं मोल मला एका बगने पटवलं. प्रोग्राम लॅपटॉपवर नीट चालायचा, बोर्डवर मात्र कधीतरी अडकून सीपीयू १०० टक्क्यांवर न्यायचा. अडकलेला असतानाच जीडीबीसर्व्हर त्याला अटॅच केला, म्हणजे चालू प्रोग्रामला जोडला. एक फाइल अक्षर-अक्षर वाचणारा लूप संपतच नव्हता आणि व्हेरिएबलची किंमत दिसली २५५. मी एफगेटसीचं (फाइलमधून एक अक्षर वाचणारं फंक्शन) उत्तर कॅर या एका बाइटच्या प्रकारात ठेवलं होतं. एक्स८६ वर कॅर साइन्ड असतो, म्हणजे उणे संख्या धरतो, म्हणून तिथे ते उणे १ राहून ईओएफशी (फाइल संपल्याची खूण) जुळायचं. एआरएम लिनक्सवर तो अनसाइन्ड असतो, तिथे उणे १ चं २५५ होतं, त्यामुळे जुळणी कधीच होत नव्हती. व्हेरिएबल इंट केलं, संपलं. रीस्टार्ट न करता, अडकलेल्या अवस्थेतच कारण समोर दिसलं, हे मी विसरणार नाही.

उणिवाही आहेत. हार्डवेअर वॉचपॉइंट (एखादी किंमत बदलली की प्रोसेसरच थांबवतो ती सोय) मोजकेच मिळतात; ते संपले की जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन चालवून तपासतो आणि नेटवर्कवरून ते असह्य हळू होतं. ब्रेकपॉइंटवर जास्त वेळ थांबलं की आमचा वॉचडॉग (प्रोग्राम गप्प झाला की बोर्ड पुन्हा सुरू करणारा टायमर) बोर्ड रीसेट करायचा, म्हणून डीबग बिल्डमध्ये तो बंद ठेवतो.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. जीडीबीसर्व्हरला पासवर्ड नसतो. त्या पोर्टपर्यंत जो पोचेल तो बोर्डवर हवं ते चालवू शकतो. मी त्याला फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे बोर्डच्या आतूनच आलेल्या जोडण्या ऐकायला लावतो, एसएसएच टनेलमधून (पासवर्ड किंवा किल्लीने सुरक्षित मार्ग) जोडतो आणि काम झालं की बंद करतो.