पावसाळा, उन्हाळा दोन्ही काढल्यावर: दुकानातला यूपीएस, आणि लाईट गेल्यावर कंप्युटर खरंच बिघडतो काय

आमचं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं, ऑनलाईन फॉर्म, जमिनीचा पहाणी उतारा, मराठी-कन्नड दोन्ही टायपिंग, असली कामं. इथला पाऊस कसा असतो ते इकडच्या लोकांना सांगायला नको, लाईनवर एक झाड आडवं झालं की गेला करंट. म्हणून 600 व्हीएचा साधा लाईन इंटरॅक्टिव्ह (म्हणजे व्होल्टेज खाली-वर झालं तर आतल्या आत सांभाळणारा) यूपीएस घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या रेंजमधले बहुतेक आतून सारखेच असतात.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. परवा एक मामा उतारा घ्यायला आलेले, लाईट गेली, यूपीएस टूं टूं करायला लागला, तर म्हणाले "असं मध्येच बंद पडलं तर मशीन जळतंय काय ओ?" जळत नाही मामा. नुसती लाईट गेली म्हणून मदरबोर्ड किंवा रॅम सहसा खराब होत नाही. जुनी हार्डडिस्क असली तरी करंट गेल्यावर फिरणाऱ्या तबकडीच्याच जोरावर थोडी वीज तयार होते आणि त्यावर तिचं हेड बाजूला जाऊन बसतं, ती सोय कंपनीनंच केलेली असते. रोज रोज तसं झालं तर झीज होणार, पण एकदा लाईट गेली आणि डिस्क मेली असं क्वचितच.

मार खाते ती फाईल. आपण सेव्ह दाबतो तेव्हा सगळं लगेच डिस्कवर जात नाही, विंडोज थोडा वेळ ते रॅममध्ये धरून ठेवतं आणि मग लिहितं. नेमकं त्याच वेळी बंद पडलं तर फाईल अर्धवट. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, स्वतःच्या नोंदींचा लॉग ठेवतं म्हणून विंडोज बऱ्याचदा परत चालू होतं, पण तो लॉग फाईलींच्या मांडणीचा असतो, तुमच्या पत्रिकेतल्या मजकुराचा नाही. म्हणून कंप्युटर ठणठणीत आणि पत्रिका बनवायच्या कोरल सॉफ्टवेअरची फाईल उघडतच नाही असलं होतं. टॅली वापरणाऱ्या दुकानदारांना विचारा, डेटा रिपेअर करायची पाळी कधी येते ते. साध्या एसएसडीचं (फिरणारी तबकडी नसलेली नवी डिस्क) पण तेच, सर्व्हरच्या महाग एसएसडीत करंट गेल्यावर हातातलं काम पुरं करायला कपॅसिटर असतात, आपल्या दुकानातल्या स्वस्त एसएसडीत बहुतेक नसतात. आणि बायोस (कंप्युटर चालू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट चालू असताना लाईट गेली तर मात्र मदरबोर्डच अडकून बसू शकतो, ते काम पावसाच्या दिवसात काढूच नये.

जाण्यापेक्षा मला परत येणाऱ्या लाईटची धास्ती जास्त. आली, गेली, परत आली, बल्ब एकदम लख्ख, पंखा गरागरा. त्या झटक्यानं एसएमपीएस (कंप्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) उडतो आणि लोक म्हणतात की चुकीचं बंद झालं म्हणून उडला. या यूपीएसचा खरा फायदा मला तिथं दिसला. व्होल्टेज खाली-वर झालं की आतून टक् असा रिलेचा आवाज येतो, तो आपला सांभाळून घेतो, मॉनिटर लुकलुकत पण नाही. वळवाच्या दिवसात ही टकटक इतकी असते की गिऱ्हाईक दचकतात.

बॅकअप म्हणाल तर एक कंप्युटर आणि मॉनिटरवर दहा-पंधरा मिनिटं. एवढ्यात पत्रिका पूर्ण करायची स्वप्नं बघू नका, सेव्ह करा आणि बंद करा. आत 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी, ती दोन-तीन वर्षांत बदलावी लागणारच हे धरूनच चाला. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवला तर त्याच्याही आधी, म्हणून मी आमचा टेबलाखाली सावलीत ठेवलाय. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, त्याचा फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा भाग) तापताना इतका लोड ओढतो की यूपीएस चटकन ट्रिप होतो.

फरक पडला का हे बघायचं तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघा. एनव्हीएमई (नव्या वेगवान जातीची) एसएसडी असेल तर त्यात 'अनसेफ शटडाऊन'चा, म्हणजे मध्येच करंट जाऊन किती वेळा बंद पडलं त्याचा, आकडा दिसतो. आमचा आधी दर पावसात वाढायचा, आता जवळजवळ जागच्या जागी आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (घडामोडींची वही) कर्नेल-पॉवर 41 ची, म्हणजे नीट बंद न होता परत चालू झाल्याची, लाल नोंद पण कधीतरीच दिसते, ती सुद्धा आमच्या पोरग्यानं हँग झाल्यावर पॉवर बटण दाबून धरलं तेव्हाची. हँग झालं की थोडा दम धरायचा, डिस्कची लाईट लुकलुकत असेल तर ते अजून काहीतरी लिहितंय असं समजायचं, काहीच हालचाल नसेल तर दाबा बिनधास्त, दुसरा इलाजच नसतो.

अजून एक, शटडाऊन दिल्यावर स्क्रीन काळी झाली म्हणून लगेच भिंतीवरच्या बोर्डचं बटण बंद करायची सवय इथं सगळ्या दुकानांत आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (लवकर चालू व्हायची सोय) चालू असेल तर बंद होताना ते अर्धी सिस्टीम डिस्कवर लिहून ठेवतं. कॅबिनेटचा पंखा थांबेपर्यंत थांबा की ओ, गाडी काय सुटत नाही.

तक्रार एकच आणि ती मोठी आहे. याला यूएसबी केबल नाही. मी जेवायला गेलो आणि लाईट गेली तर हा पंधरा मिनिटं बोंबलतो आणि मग कंप्युटर धाडकन बंद, म्हणजे यूपीएस असून नसल्यासारखा. यूएसबीवाला असता तर विंडोजला तो लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसला असता आणि चार्ज कमी झाल्यावर कंप्युटर आपोआप हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून बंद, झाला असता. थोडे पैसे जास्त जातात, पण दुकानात कायम माणूस बसत नसेल तर तोच घ्या. याची बॅटरी उतरली की मी पण तोच बघणार आहे, हा मग राऊटरला लावीन.