शिक्षण खात्याविरुद्ध खटला हरलात: त्याच कोर्टात फेरविचार की थेट अपील?

अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याविरुद्धचा दावा डिस्ट्रिक्ट कोर्टाने फेटाळला, की दोन वाटा उरतात: त्याच न्यायाधीशाकडे केंद्रीय दिवाणी प्रक्रिया नियमांतल्या नियम ५९(ई) खाली फेरविचाराचा अर्ज, नाहीतर सर्किट कोर्टात, म्हणजे वरच्या अपील कोर्टात, अपील.

अर्जाला फी नाही. मुदत २८ दिवस, आणि ती न्यायाधीशालाही वाढवता येत नाही. अपीलला ६०५ डॉलर (परवडत नसेल तर फीमाफी मागता येते) आणि ६० दिवस. हे ६० फक्त समोर केंद्र सरकार आहे म्हणून. राज्याचं शिक्षण खातं किंवा स्कूल डिस्ट्रिक्ट असेल तर ३०च. विशेष शिक्षणाच्या दाव्यांत पालक इथेच फसतात. विद्यार्थी कर्जाचा वाद दिवाळखोरी कोर्टात चालला असेल, तर जेमतेम १४. दिवस मोजायचे ते निकाल डॉकेटवर (कोर्टाच्या खटला-नोंदवहीत) नोंदला गेल्यापासून, टपाल हाती पडल्यापासून नव्हे.

कोर्टाच्या नजरेतून महत्त्वाचा कागद सुटला असेल, तर फेरविचाराला अर्थ आहे. जुनाच युक्तिवाद पुन्हा मांडलात तर अर्ज दोन ओळींत निकाली निघतो. नव्या पुराव्याचीही फार आशा नको: खात्याच्या निर्णयालाच आव्हान असेल, तर सहसा खात्याने जमवलेली फाइलच तपासली जाते.

वेळेत केलेला अर्ज अपीलची मुदत थांबवतो. त्यावरचा आदेश नोंदला गेला की ६० दिवस नव्याने सुरू. २९व्या दिवशी दिलेला अर्ज मात्र नियम ६० (निकालातून सूट मागण्याचा वेगळा नियम) खालचा धरला जातो आणि मूळ ६० दिवस संपत राहतात. अशील आदेशाची वाट बघत बसतो आणि अपील हातचं जातं.

कायद्याचा अर्थच चुकला असेल तर सरळ अपील करावं. तीन न्यायाधीश तो प्रश्न नव्याने तपासतात. वस्तुस्थितीबद्दलचे निष्कर्ष मात्र उघड चूक दिसल्याशिवाय बदलत नाहीत. अपीलची नोटीस एका पानात बसते: अपील कोणाचं, कोणत्या निकालावर, कोणत्या कोर्टात. ती डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या क्लार्ककडेच द्यायची. सुनावणीची ट्रान्स्क्रिप्ट (शब्दशः नोंद) लागणार असेल तर ती नोटीस दिल्यापासून १४ दिवसांत मागवा.

मुदत हुकली तर पुढच्या ३० दिवसांत सबळ कारण देऊन वाढ मागता येते. पण न्यायाधीशाने लिहिलेल्या तारखेवरही विसंबू नका. बाउल्स विरुद्ध रसेल (२००७) या खटल्यात अपीलची मुदत पुन्हा उघडताना नियमातल्या १४ दिवसांऐवजी चुकून १७ दिले गेले, नोटीस त्या १७ दिवसांत आली, तरीही सुप्रीम कोर्टाने अपील बाद ठरवलं.

आणि नुसत्या अपीलने कर्जाची वसुली थांबत नाही. ती रोखायचा अंतरिम आदेश आधी डिस्ट्रिक्ट कोर्टातच मागावा लागतो.