पहिली गोधडी: घरच्या साड्या, शिंप्याची कात्रणं की जुना बाजार?

दिवाळीच्या साफसफाईत कपाटातून निघालेला जुन्या साड्यांचा गठ्ठा जानेवारी उजाडला तरी बऱ्याच घरांत माळ्यावर तसाच पडून असतो. नव्या वर्षात हाताने काहीतरी करायचं आणि त्यासाठी नवं कापड आणायचं नाही, असं यंदा माझ्या दोन मैत्रिणींनी ठरवलं. दोघींनी मला एकच विचारलं: गोधडी शिवायची आहे, कापड कुठून घेऊ? फोनवर सांगून संपेना, म्हणून इथे नीट लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. पहिल्या गोधडीला घरची, वर्षानुवर्षं धुतलेली सुती साडीच घ्यावी. कात्रणं वरच्या नक्षीला छान, पण सगळी गोधडी त्यांचीच करायला घेऊ नये. बाजार गाठायचा तो घरात सुती काही उरलंच नसेल तर.

घरच्या साडीचा हिशेब फार सरळ आहे. सहावारी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पंचेचाळीस इंचांच्या आसपास रुंद असते. ती लांबीत तिहेरी दुमडली की 45 बाय 72 इंचांचे तीन थर मिळतात, म्हणजे एका माणसाच्या अंगावर पुरेल एवढं पांघरूण. वर एक थर दुसऱ्या साडीचा घातला की पुण्याच्या थंडीला पुरे. घरात आजीची नऊवारी असेल तर आणखी सोपं. ती सव्वाआठ मीटरच्या घरात भरते, चौपदरी दुमडली की चार थर तयार, कुठे जोड नाही.

मात्र साडी जुनी असणं आणि विरलेली असणं यात फरक आहे, तो आधी पाहून घ्या. साडी खिडकीपुढे धरा. जिथून उजेड चाळणीसारखा येतो तिथे अंगठा दाबा. धागे सरकले आणि परत जागेवर आले नाहीत तर तो भाग गोधडीच्या पोटात घाला, वर नको. सहावारीत सगळ्यात आधी जातो तो निऱ्यांचा खालचा भाग, फॉलच्या वरची पट्टी. पदरावर खांद्याच्या जागी पिनांची भोकं सापडतात. उलट कमरेला खोचलेलं आतलं टोक कित्येकदा नव्यासारखं असतं, कारण ते कायम झाकलेलं राहिलं. माझ्या आईच्या एका निळ्या साडीत ते टोक इतकं गडद निघालं की बाकीची साडी आपण कधी निळी होती हेच विसरली असावी, असं वाटलं. ते मी वरच्या थराच्या मधोमध लावलं.

अडचण एकच आणि ती खरी आहे. आजकालच्या गठ्ठ्यात सुती साड्या कमी, सिंथेटिक जास्त. शंका असेल तिथे कडेचा एक धागा उसवा, चिमट्यात धरा आणि मोरीपाशी काडी लावून पाहा. जळक्या कागदाचा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली तर सूत. टोकाशी वितळून कडक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. तसली साडी गोधडीत घालू नका. घाम टिपत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि दोन धुण्यांत टाके ओढले जातात. ती बोहारणीला द्या. तिला तसंही चकचकीत साड्या, जरीकाठ, धड पँटी हव्या असतात, विरलेल्या सुतीचं तिला काही कौतुक नसतं. म्हणजे एकाच गठ्ठ्यातून तिचं पातेलं आणि आपली गोधडी, दोन्ही निघतात.

आता शिंप्याची कात्रणं. हा मोह मोठा असतो, कारण रंग! तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि जानेवारीत शिंप्याच्या मशीनखाली खण, ब्रोकेड, टू बाय टू हे ब्लाउजचं सुती कापड आणि रुबिया या अस्तराच्या पातळ कापडाचे ढीग साचलेले असतात. मागितलं तर बहुतेक शिंपी पिशवी भरून देतात. आपण घरी आणतो, ओततो आणि तासभर नुसते रंग लावत बसतो. तो तास मला अजूनही आवडतो.

पण ब्लाउजची कात्रणं सरळ नसतात. मुंढ्याचे चंद्रकोरीसारखे काप, गळ्याचे अर्धगोल, पट्ट्या. त्यातून चौकोन काढताना निम्मं कापड वाया जातं आणि जोडण्यातच आठवडे जातात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे कापड पाण्याला कधी लागलेलं नसतं. माझ्या पहिल्या गोधडीत आजोबांच्या पांढऱ्या धोतराचा थर होता आणि त्यावर मी मरून खणाची ठिगळं लावली होती. संक्रांतीनंतर धुतली. वाळत घालताना पाहिलं तर प्रत्येक ठिगळाभोवती गुलाबी डाग उतरलेला, आणि ठिगळं आटल्यामुळे खालचं मऊ धोतर चुण्या पडून गोळा झालेलं. ते धोतर आजोबांचं शेवटचं होतं. दुसरं नाही.

तेव्हापासून मी कात्रणं आधी रात्रभर पाण्यात टाकते, सकाळी पिळून उन्हात वाळवते. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने एकेक तुकडा घासून बघते. फडक्याला रंग लागला की तो तुकडा बाजूला. खण आणि गडद लाल-मरून रंगाचे तुकडे तर दोनदा तपासते. ब्रोकेड मी आता घेतच नाही. त्यातला जरीचा धागा अंगाला टोचतो.

कात्रणं कशी वापरावीत हे पाहायचं असेल तर कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या मूळच्या आफ्रिकी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पाहावी. खाली जुनी साडी, वर मिळेल त्या तुकड्यांची ठिगळं, आणि शिवण बाहेरच्या कडेपासून आत आत जाणारी. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचं छोटं फूल. साडीने बळ द्यायचं आणि तुकड्यांनी रंग, ही वाटणी मला पटते. पहिल्या वेळी आठ-दहा ठिगळं पुरेत.

जुन्या बाजाराचं थोडक्यात सांगते. पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे साड्या शोधण्यापेक्षा सुती चादरी, धोतरं, उपरणी पाहावीत. 60 बाय 90 ची धड चादर म्हणजे एक अख्खा थर, बिनजोडाचा, आणि मोठ्या माणसाच्या गोधडीला साडीपेक्षा सोयीचा. कापड धुतलेलं, आटलेलं असतं, हा कात्रणांपेक्षा मोठा फायदा. पण कुणी कसं वापरलं ते माहीत नसतं. घरी आणल्यावर थेट कपाटात ठेवू नका. शिवणी उलगडून ढेकूण पाहा, उकळत्या पाण्यात भिजवा, दोन दिवस कडक उन्हात टाका. तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी मी बाजारातलं कापड घेणार नाही. तिथे आजीची साडीच हवी. नव्या बाळाला आधी जुन्या मऊ कापडात गुंडाळतात ते उगाच नाही.

हाताने की मशीनवर, हे कापडावरून ठरवा. विरलेल्या सुतीचे चार थर हातच्या सुईतून अलगद जातात. मशीनवर तेच थर दाबाखाली पुढे-मागे सरकतात, शिवाय सोळा किंवा अठरा नंबरची सुई लागते. चादरींची गोधडी मात्र मशीनवर बरी होते. हातशिलाईत धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतराने घेतल्या तर 45 इंचांत साधारण साठ ओळी होतात, प्रत्येक सहा फुटांची. सव्वाशे मीटरच्या आसपास दोरा लागतो, दुहेरी घेतला तर दुप्पट. या सगळ्या उद्योगात विकत घ्यायचं ते एवढंच. एका ओळीला वीस मिनिटं धरली तरी रोज तासभर बसून तीन आठवडे, हात बसेपर्यंत महिना. कात्रणांची पूर्ण गोधडी असेल तर जोडकाम धरून मला याच्या तिप्पट वेळ लागला आहे.

म्हणून एका मैत्रिणीला, जिच्याकडे सासूबाईंच्या तीन सुती साड्या आहेत, मी सांगितलं की बाजार, शिंपी काही नको, येत्या रविवारी फरशी पुसून साड्या पसर. कडांवर वरवंटा आणि डबे ठेव, मधून बाहेर कच्चे टाके घाल, मग पक्की शिवण कडेकडून सुरू कर. दुसरीच्या घरी एकही सुती साडी नाही. तिच्यासोबत मी बुधवारी बाजारात जाणार आहे. दोन चादरी घेऊ आणि येताना तिच्या शिंप्याकडून रुबियाची पिशवी. पाडव्याला दोघींच्या गोधड्या गच्चीवर वाळत घालायच्या, असं ठरलं आहे.