सत्तेवरून खाली खेचण्याचे इंग्रजी शब्द : ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी किती कामाची?

पदच्युत करणे, उलथवून टाकणे, पायउतार व्हायला लावणे, उचलबांगडी करणे. मराठीत यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. इंग्रजीतही तसंच आहे, आणि बातमी किंवा अनुवाद लिहिताना नेमका तिथेच घोळ होतो. तेवढ्यासाठी ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीची मोफत वेबसाइट जरूर वापरावी.

तिथली खरी कामाची गोष्ट म्हणजे अर्थाच्या आधी दिलेली वाक्यरचनेची ओळ. ती सोडून थेट अर्थाकडे जाऊ नका. ‘आउस्ट’पुढे (पदावरून घालवणे) ‘फ्रॉम’ किंवा ‘ॲज’ येतं, हे त्या ओळीतच कळतं. ‘फ्रॉम’पुढे सत्ता किंवा पद, ‘ॲज’पुढे हुद्दा. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना १९९० मध्ये स्वपक्षीयांनीच घालवलं, तिथे ‘आउस्ट’ चपखल बसतो. ‘डिपोज’ मुख्यतः राजा किंवा शासकासाठी. ‘ओव्हरथ्रो’त बळजबरी आहे, चिलीत १९७३ मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं सरकार पाडलं, ते हे. ‘अनसीट’ निवडणुकीत शोभतो. स्वाराला घोड्यावरून पाडणं हा त्याचा दुसरा अर्थ लक्षात ठेवला की शब्द विसरत नाही.

सर्वाधिक चुका ‘इम्पीच’मध्ये होतात. कोशातली व्याख्या आरोप ठेवण्यापाशी थांबते आणि ते अगदी बरोबर आहे. बिल क्लिंटन १९९८ मध्ये ‘इम्पीच’ झाले, १९९९ मध्ये सेनेटने त्यांना दोषमुक्त केलं, आणि त्यांनी कार्यकाळ पूर्ण केला. निक्सन यांनी १९७४ मध्ये आधीच राजीनामा दिला, त्यामुळे ते ‘इम्पीच’ झालेच नाहीत. म्हणून मराठीत ‘महाभियोग चालवला’ लिहा, ‘हटवलं’ नको.

ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार ऐकता येतात, ही मोठी सोय. सी-ओ-यू-पी, म्हणजे सत्तापालट, या शब्दाचा उच्चार ‘कूप’ नसून ‘कू’ आहे. ‘ओव्हरथ्रो’ क्रियापद असेल तर जोर ‘थ्रो’वर, नाम असेल तर ‘ओ’वर.

उणीव अशी, की व्याख्या फार आटोपशीर आहेत. ‘आउस्ट’, ‘डिपोज’, ‘टॉपल’ (सत्तेवरून पाडणे) लागोपाठ वाचले तर तिन्ही एकच वाटतात. अशा वेळी खालची उदाहरणं वाचून प्रत्येक शब्दाचं कर्म कोण, ते टिपून ठेवावं: माणूस, सरकार की अधिकार. ‘युझर्प’चं कर्म बहुतेकदा सिंहासन किंवा अधिकार असतं, तिथे भर सत्ता बळकावण्यावर आहे, कुणाला घालवण्यावर नाही.