पगार की बिल? घरून करारावर काम आणि ऑफिसातली कायम नोकरी

घरून काम मिळालं, असं कुणी आनंदानं सांगितलं की मी आधी विचारतो: दरमहा पगार जमा होणार की तुम्ही बिल पाठवणार? कायम नोकरी घरूनही करता येते आणि तेव्हा पीएफ, रजा, ग्रॅच्युइटी सगळं तसंच राहतं. परदेशी कंपनीशी ‘कन्सल्टंट’ म्हणून करार केलात तर मात्र यातलं काहीही मिळत नाही. मी आठ वर्षं हिंजवडीत नोकरी केली. चार वर्षांपूर्वी साताऱ्याला परतलो आणि तेव्हापासून करारावर काम घेतो.

महिना १ लाख पगार आणि महिना १ लाखाचं बिल सारखं नव्हे. मूळ पगार ५० हजार असेल आणि कंपनी त्या पूर्ण रकमेवर १२ टक्के भरत असेल, तर पीएफ-पेन्शनपोटी तिच्याकडून दरमहा ६ हजार येतात. ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांच्या मूळ पगाराइतकी, महिना २६ दिवसांचा धरून. म्हणजे पाच वर्षांनी साधारण १ लाख ४४ हजार. शिवाय भरपगारी रजा. दिवसाच्या दरानं काम घेतलंत आणि गणपतीत आठ दिवस गावी गेलात, तर बिलही तेवढं कमी. म्हणून कराराची रक्कम नोकरीच्या एकूण पॅकेजच्या किमान सव्वापट असल्याशिवाय मी सही करत नाही.

कराच्या बाबतीत पारडं उलट फिरतं. नव्या करप्रणालीच्या २०२५-२६ च्या दरांनी १८ लाख पगारावर सुमारे दीड लाख कर बसतो. तेवढेच पैसे बिलानं मिळाले आणि तुमचं काम आयकराच्या ४४एडीए कलमाखाली येणाऱ्या व्यवसायांत बसत असेल, तर निम्मी रक्कमच उत्पन्न धरता येते आणि त्या ९ लाखांवर कर शून्य. काम त्यात बसतं का, हे सीएकडून आधी पक्कं करून घ्या. वर्षाची बिलं २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणीही आली.

आरोग्यविम्याचा विचार सहसा उशिरा होतो. कंपनीच्या गट विम्यात जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. स्वतःच्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यामुळे नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी घेऊन ठेवा. बाळाचा विचार असलेल्या मैत्रिणींना मी स्पष्ट सांगतो, पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं मिळते, ती करारासाठी सोडू नका.

प्रवासाचं फारसं सांगायला नको. हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकात रोज अडकलेल्याला साताऱ्याची सकाळ काय आहे ते कळेल. संध्याकाळ मात्र हातातून जाते: न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, तेव्हा इन्व्हर्टर आणि दुसरं इंटरनेट कनेक्शन आपल्याच खर्चानं.

दुसऱ्या वर्षी माझा करार पंधरा दिवसांच्या नोटिशीवर संपला आणि पुढचे तीन महिने काम नव्हतं. त्याच काळात गृहकर्जासाठी बँकेत गेलो, तर किमान दोन वर्षांची व्यवसायाची रिटर्न्स मागितली. माझ्याकडे एकाच वर्षाचं होतं. नोकरीत असताना तीन पगारपत्रकं आणि फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) यांवर भागलं असतं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल, तर आत्ता करारावर जाऊ नका.

नुकतंच शिक्षण संपवलेल्यांसाठी माझं उत्तर ऑफिस हेच आहे. शेजारच्या टेबलावरचा अनुभवी माणूस चूक कशी शोधतो, ग्राहकाला नाही कसं म्हणतो, हे मी तिथेच बघून शिकलो, आणि आज बिलं त्याच्याच जोरावर निघतात. पुतण्याला गेल्या महिन्यात जास्त पैशांचा करार आला होता. अजून दोन वर्षं पुण्यातच थांब, असं मी त्याला सांगितलंय.